गाजरी ठिपका

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
चहाच्या टपरीला लागून जे निळं शटर आहे
तिथे सतरा वर्षं मी गाडी सोडून
रिक्षाने ऑफिसला गेले.

पाष्टे.
पहिलं नाव कधी कळलंच नाही.
फोनमध्ये तो 'पाष्टे गाडी',
जसे 'केळकर दात', 'शोभा डबा'.

तो इंजिन ऐकायचा.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून
मूठ कानाशी धरायचा,
दुसऱ्या हाताने सगळ्यांना गप्प करायचा,
पोरांना, रेडिओला, मला.
मग म्हणायचा, काही नाही ताई, टॅपेट आहे.

हिशोब खडूने, शटरच्या आतल्या बाजूला.
काढलेला पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून
न मागता डिकीत ठेवायचा,
बघा, मग भंगारात द्या.
मी एकही पुडी सोडून बघितली नाही.
बाल्कनीत खोका भरला,
नवरा म्हणायचा, हे म्युझियम कधी हलवणार?

एकदा रात्री साडेअकराला गायमुखच्या चढावर
क्लचची वायर तुटली.
पुढे कंटेनर, मागे टँकर,
मागच्या सीटवर डायलिसिसहून परतणारे बाबा.
पाष्टे लोकमान्यनगरहून स्कूटरवर आला,
टॉर्च दातात धरून रस्त्यावर आडवा झाला.
पैसे घेतले नाहीत.
बाबांना म्हणाला, आजोबा, पाणी देऊ?
हे आधी लिहायलाच हवं,
नाहीतर पुढचं फार सोपं होऊन बसेल.

डिकीतल्या पुड्या कधी बंद झाल्या
मला सांगता येणार नाही.
खडू जाऊन प्रिंटर आला, ठीक.
बिलात 'लेबर' आलं, त्याखाली 'इतर'.
जानेवारीत ब्रेक पॅड,
मेमध्ये पुन्हा ब्रेक पॅड.
ऑफिसातली रेवती म्हणाली, खूण करून बघ.
मी म्हटलं, छे.

मग एका रविवारी, पार्किंगमध्ये,
भाचीची नेलपॉलिश घेऊन
एअर फिल्टरच्या कडेला
एक ठिपका दिला. गाजरी.
वॉचमन बघत होता.
चोरी मीच करत असल्यासारखी
तो वाळेपर्यंत फुंकर घालत उभी राहिले.

बिल: एअर फिल्टर, नवा, चारशे ऐंशी.
कॅडबरी जंक्शनच्या पुढे गाडी बाजूला घेतली,
बॉनेट उचललं, क्लिपा काढल्या.
हवा मारून झटकलेला फिल्टर,
आणि ठिपका.

चारशे ऐंशी रुपये!
अरे, मागितले असतेस तर पाच हजार दिले असते,
कशासाठी तेही विचारलं नसतं.
रात्री झोप नाही. ती बॅटरी?
तो रेडिएटर, ऐन गणपतीत?
आणि ते टॅपेट, ते तरी होतं का?
गायमुखची वायर तेवढी खरी,
ती तुटताना मी ऐकली होती.

जाब विचारायला गेले नाही.
विचारलं असतं
तर खूण कधी केली, तेही सांगावं लागलं असतं.

आता गाडी माजिवड्याला, कंपनीच्या सेंटरमध्ये.
एसी, मशीनची कॉफी,
गळ्यात आयकार्ड घातलेला मुलगा लॅपटॉप जोडतो,
मॅम, एरर काही दाखवत नाही.
तिसऱ्या गियरला टक टक वाजतं, मी सांगते.
तो टाइप करतो.

परवा रोड बावीसला खोदकाम होतं,
सोळावरूनच जावं लागलं.
काच वर केली.
पाष्टे स्टुलावर चहा पीत होता.
त्याने माझ्याकडे नाही, गाडीकडे पाहिलं,
ग्लास खाली ठेवला,
मान तिरकी केली.

आरशात दिसलं, तो उठून उभा राहिलाय
आणि दोन बोटं वर करून काही सांगतोय.
दुसरा सिलिंडर?
दोनशे रुपये?
की नुसतंच, बरंय ना ताई?

मी तिसरा टाकला.