अँटेना काढल्यावर

पाचशे चव्वेचाळीसवर एक रेघ उभी होती.
बाकी पडदा गवतासारखा, खुरटा, हलता,
आणि मधोमध ही,
कुणी खुंट ठोकून विसरून गेल्यासारखी.

तीन आठवडे आम्ही तिला बाहेर शोधलं.
काँ शहरातल्या टॅक्सींचे वायरलेस,
इस्पितळातले पेजर, बंदराकडचं रडार.
तेबो तर जेवणाच्या सुट्टीत छतावर चढून
ओर्न नदीवरून अँटेना फिरवून आला,
भिजून, हात हलवत.

मग तळमजल्यावरून ओदिल लकोर्दिए आली.
निवृत्तीला चार महिने.
एकतीस वर्षं तिने ट्यूनर जुळवले:
पत्र्याची डबी, आत तांब्याची वेटोळी,
पाच वेढे, सात वेढे,
आणि हातात प्लॅस्टिकची काडी. धातूची नको,
धातू जवळ आला की वेटोळं खोटं बोलतं.
दोन वेढ्यांत केसभर फट पाडायची,
चित्र जागेवर यायचं.

त्या डबीची आम्ही चिप केली,
करंगळीच्या नखावर मावेल एवढी.
काडी शिरायला जागाच नाही.
सिग्नलच्या दोन प्रती, एक दुसरीच्या पाव फेरा मागे;
खरं स्टेशन बेरजेत उरतं,
पलीकडचा तोतया वजाबाकीत मरतो.
हे फळ्यावर समजावलं तेव्हा ओदिल म्हणाली होती,
"म्हणजे काडी आहेच. दिसत नाही, एवढंच."

आज तिने पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ.
"अँटेना काढ."

काढली.
त्या जागी पंचाहत्तर ओहमची टोपी घातली,
खोलीचं तांब्याचं दार लावून घेतलं.
आत येण्यासारखं आता काही नव्हतं.
रेघ तसूभर हलली नाही.

तेबोने सोळाला चौतीसने गुणलं; नुसते ओठ हलले.
स्फटिक सोळाचा. चौतिसावा पडसाद.
चिप स्वतःचंच घड्याळ ऐकत होती
आणि जगाच्या खात्यावर मांडत होती.

ओदिल स्टुलावर बसली.
"मागच्या हिवाळ्यात मला रात्री शिट्टी ऐकू यायची.
फ्रिज बंद केला. मीटरची कळ पाडली.
वरच्या मजल्यावरच्या विधुराच्या दाराशी रात्री दोनला
गाऊनवर उभी राहिले, काय लावलंय हे, म्हणत.
त्याने काही लावलेलं नव्हतं. कॉफी मात्र केली.
डॉक्टर म्हणाला, डावा कान, मादाम.
आवाज तुमचाच आहे."

"जाते का?" तेबोने विचारलं.
रेघ की शिट्टी, ते त्यालाही ठाऊक नसावं.

"जात नाही. मी रेडिओ लावून झोपते, हळू आवाजात.
मग ती जरा सरकून बसते."

आम्ही घड्याळ सरकवलं.
रजिस्टरमधले तीन आकडे, सोळाच्या किंचित खाली,
आणि रेघ शेजारच्या रिकाम्या चॅनेलात जाऊन उभी राहिली.
तिथे कुणी आलं, की तिने पुन्हा इकडे यायचं.
असा करार.

अहवालात तेबोने लिहिलं: दोष दूर.
ओदिलने पेन मागून घेतलं,
'दूर' खोडलं,
वर बारीक अक्षरात लिहिलं, 'बाजूला'.

ती कोट घालून निघाली तेव्हा
दाराशी तेबो काहीतरी पुटपुटला, आभारासारखं.
ती थांबली, वळली,
उजवा कान पुढे करून.