सामायिक

कॉम्प्युटर एकच, टेबल एकच, खुर्चीवरची उशीही एकच.
चालू केला की काळ्या पडद्यावर विचारतो:
कोणाकडे जायचं?
बाण खाली नेला तर बेलिसारियोचं लिनक्स,
काहीच केलं नाही तर दहा सेकंदांनी माझी विंडोज.
मी सहसा काहीच करत नाही.

संध्याकाळी मी खेकड्यांची वजनं भरते,
किलोमागे पेसो, कारखान्याचा हिशेब.
तो पोर्वेनीरच्या फेरीवरून रात्री दोनला येतो,
बूट दाराशी काढून
सामुद्रधुनीच्या तळातले देवमाशांचे आवाज ऐकत बसतो.
मी उठते तेव्हा तो झोपलेला.
एका पत्र्याखाली राहून आमची गाठ पडते ती डिस्कवर.

त्याची बाजू माझ्याकडून दिसत नाही.
एकदा दिसली, तर विंडोज म्हणाली:
ही डिस्क वाचता येत नाही, पुसून घ्यायची का?
पोराची चार वर्षं, पुसून!
'नाही' दाबलं.
हात मात्र दिवसभर थाऱ्यावर नव्हता.

मग त्याने मधे एक कप्पा आखला,
दोन शेतांमधल्या बांधासारखा. नाव: सामायिक.
त्यात विजेचं बिल, माझा एक्स-रे,
आणि 'सूप फ्रीजमध्ये आहे' नावाची फाइल.
आत काही नाही. नावातच सगळं.

घड्याळांचं भांडण निराळंच.
एका पहाटे नऊ वाजलेले पाहून कोट चढवून धावले,
रस्त्यावर वारा आणि कोणाचा तरी कुत्रा.
वाजले होते सहा.
त्याचं लिनक्स जगाची वेळ लावतं, माझी विंडोज तीच इथली समजते.

जूनमध्ये मी एक फाइल ठेवली:
एक्स-रेत डाग आहे म्हणतात. बुधवारी पुन्हा बोलावलंय.
आणि रोजच्यासारखा बंद केला.
बंद म्हणजे, ती पुरती झोपत नाही,
एक डोळा उघडा ठेवते, सकाळी लवकर उठता यावं म्हणून.
तोवर त्याला कप्प्यात नुसतं वाचता येतं.
लिहू देत नाही.

सकाळी पडद्यावर चिकटवलेलं फेरीचं तिकीट,
पाठीवर पेन्सिलीने:
आई, बंद करताना शिफ्ट दाबून धर.
पूर्ण झोपू दे तिला,
मला उत्तर ठेवता येत नाही.
त्याखाली काहीतरी गिरवून खोडलेलं, मग
बुधवारी सुट्टी काढलीय.

आता मी शिफ्ट दाबते,
आणि पंखा थांबेपर्यंत बोट उचलत नाही.
एवढं लागत नाही, तो म्हणतो.
पंखा थांबतो. बाहेरचा वाराही थांबला असं वाटतं.
तो नसतो थांबलेला.