कल

डंडी. सकाळचे सव्वासात.
टे नदीवरून धुकं चढलं की लेझर फसतो,
थेंबालाच भिंत समजून माघारी येतो.
म्हणून तिपाईजवळ थांबून राहते,
हातमोज्यांत थर्मासचं झाकण, झाकणात चहा.

धुकं विरतं तसं यंत्र मान फिरवतं,
साडेतीन मिनिटांची एक प्रदक्षिणा,
आणि अख्खा तिसरा मजला
ठिपक्याठिपक्यांनी माझ्या ओटीत.
मनातल्या मनात मी अजून ओळंबाच म्हणते त्याला.
दोरी तेवढी उजेडाची.

दुपारी कंटेनरमधल्या ऑफिसात
ठिपके आराखड्यावर अंथरते.
जुळलं ते हिरवं, चुकलं ते लाल.
सी-सात खांब पूर्वेकडे अकरा मिलिमीटर.
"अकरा? नखाएवढं तर आहे!" ऐल्सा म्हणते.
सुरुवातीला नखच असतं, मी म्हणते,
वर अजून नऊ मजले यायचेत.
ती एक शिवी हासडते, कुणाला ते कळत नाही,
आणि दुरुस्तीवर सही करते.

मग साफसफाई.
चालती माणसं यंत्राला धड दिसत नाहीत:
एखादा खांदा, अर्धं हेल्मेट, पायांचा धूर.
आमच्यात त्याला नॉईज म्हणतात.
निवडायचं, पुसायचं.
इमारत अशी दिसली पाहिजे
की कुणी बांधलीच नाही.

आज मात्र दक्षिणेच्या कडेला लाल:
आराखड्यात नाही. खांब, एक. उंची एक मीटर एकाहत्तर.
मोठं करून पाहिलं तर खांबाला नाक होतं,
कमरेला पाना.
डगल मॅकेरॉल, मचाणवाला.
यंत्र पुरं फिरेस्तोवर जो हललाच नाही.

"मी कुठला? तुझं यंत्र चुकलं असेल."
मग बुटाचा चिखल बराच वेळ खरवडून:
"सात चाळीसची गाडी येते ना पुलावरून,
त्यात मुलगी असते माझी. लूखर्सहून येते.
बोलत नाही.
पुलावर गाडी हळू चालते, तेवढं बरं."

संध्याकाळी अहवाल पाठवला.
प्रगती: एक्केचाळीस टक्के. सी-सात: पाडून पुन्हा.
पडदा विचारत होता, हा खांब पुसू का?
पुसण्याआधी सवयीनं मोजला.
कल: पुलाकडे, चार अंश.

इतका कल कुठल्याच नियमात बसत नाही.
मी शेऱ्यात लिहिलं, मर्यादेत,
आणि पुसायचं
राहूनच गेलं.