टेपचं टोक

मी त्यांना चेहऱ्यावरून ओळखत नाही.
वाकून पुसणाऱ्या बाईला
आधी बूट दिसतात, मग पोटऱ्या,
आणि मान वर करेपर्यंत शिट्टी झालेली असते.

तिबिलिसीच्या या हॉलात सव्वीस वर्षं झाली.
बादली, क्लोरीन, दोन फडकी:
एक घामाचं, एक रक्ताचं.
निवड चाचणीच्या दिवशी दुसरं जास्त लागतं.
परक्यांशी ही पोरं हिशेबानं लढतात,
एकमेकांशी नाही.

सत्त्याण्णव किलो. देशाच्या संघात जागा एक.
बाहेर फेब्रुवारी, म्तक्वारी नदीवरचा बोचरा वारा.
गॅलरीत काखेत लांबट पाव धरून बसलेले काका लोक,
मागच्या खेपेला कोण कसा चीत झाला
ते शेजाऱ्याची मान धरून दाखवणारे.

मालखाजचे बूट निळे, टाचेशी उसवलेले,
तीनदा शिवलेले. तिसऱ्या वेळचे टाके माझे.
वय चौतीस. द्राक्षवेलींची छाटणी अर्धी टाकून
तेलावीहून पहाटेच्या गाडीनं आलेला.
नोदारचे बूट नवे, इतके पांढरे
की मला त्यांचा जरा रागच आला.

कुस्ती काही सांगत बसावी अशी नव्हती.
पहिल्या फेरीत मालखाजनं दोनदा त्याला रेषेबाहेर रेटलं.
दुसरीत पोरानं पट काढला,
मग पुन्हा तोच पट, त्याच बाजूनं.
मालखाजला तो येताना दिसत होता,
हे मला बुटांवरून कळलं.
डावा पाय मागे घ्यायला निघाला
आणि निघेपर्यंत उशीर झाला.
जिना चढताना माझ्या गुडघ्याचं असंच होतं.

दोनास चार.
पंचानं पोराचा हात उंचावला.
मालखाज उतरला नाही.
मधल्या वर्तुळात फतकल मारून बसला
आणि अख्ख्या हॉलला एकदमच कळलं.
काका लोक पाव खाली ठेवून उभे राहिले.
बूट तिथंच सोडायचे, अनवाणी उतरायचं,
हे मी बारा वेळा पाहिलंय.
बाराही वेळा रडलेय.

पण टेपचं टोक सापडेना.
नाडी सुटू नये म्हणून नियमाप्रमाणे
सकाळी त्यानं टेप गुंडाळली होती,
जिंकायला आलेल्या माणसासारखी, पाच वेढे, घट्ट.
आता नखांनी कुरतडतोय,
पाय इकडून तिकडून फिरवतोय,
दातांपर्यंत काही पाय येत नाही.
चारशे माणसं उभी, टाळीसाठी हात उचललेले,
आणि टोक नाही.
नोदार गुडघ्यांवर बसला मदतीला.
त्याची नखं आठवडाभर काळजीनं खाऊन संपलेली.

कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं.
मग मालखाजच हसला.
"हे काय मला सोडत नाहीत," म्हणाला.

माझ्या ॲप्रनच्या खिशात ब्लेड असतं,
च्युइंगगम खरवडायचं.
चपला काढून मॅटवर गेले.
एका मोज्याला भोक. टीव्हीवर दिसलं असणार.
या पायाचे पाच वेढे कापले, त्या पायाचे पाच.
माझ्याकडे न बघता तो म्हणाला,
"त्सिआला, हळू. टाके तुझेच आहेत."

टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या.
पण पासष्ट किलोची जोडी कडेला उड्या मारत होती,
तेव्हा बूट उचलायचं कामही माझंच.
आतून अजून गरम होते.
बादलीशेजारी ठेवले आणि पुसायला घेतलं.

रात्री दिवे मालवताना नोदार परत आला.
काहीतरी विसरलंय म्हणाला, काय ते सांगेना.
मी फडकी पिळायला गेले,
मुद्दाम जरा वेळ लावला.
येऊन बघते तर हा बाकावर,
निळ्या बुटात पाय अर्धा अडकलेला,
टाच बाहेर.
दोन नंबर लहान पडत होता त्याला.

"काढ," म्हटलं, "पण जपून.
शिवण उसवेल."