तिसऱ्या गाण्यावरचा ओरखडा

आई रेडिओच्या इमारतीत फरशी पुसायची.
जोहान्सबर्ग, सातवा मजला, तबकड्यांची खोली,
खोलीत एक माणूस, मिस्टर ओस्टहाउझन.
चष्म्याला दोरी, खिशात पेपरमिंट,
हातात सुतारकामातला टोच्या.
यादी वरून यायची. तो नाव शोधायचा,
तबकडी दिव्याखाली तिरकी धरायचा
आणि नको असलेल्या गाण्यावरून
या कडेपासून त्या कडेपर्यंत
खर्र.
मग फुंकर, मग सही.
आई म्हणायची, तसा वाईट नव्हता गं,
पाय उचलून फरशी पुसू द्यायचा.

एकदा टोच्या घसरला, तबकडीचा टवका उडाला,
आणि ती कचऱ्याच्या टोपलीत गेली.
आईनं ती झग्याखाली पोटाशी बांधून आणली.
सोवेटोपर्यंत बसमध्ये ताठ बसली म्हणे,
नऊ महिने भरल्यासारखी.

मोलेफीमामानं रेकॉर्डप्लेअर दुरुस्त केला.
पहिली दोन गाणी सुरळीत.
तिसऱ्यात सॅक्सोफोन थोडा खाकरायचा,
मग खोल गळ्याची एक बाई म्हणायची,
दार उघडं ठेव
आणि टक्!
सुई उडी मारून थेट चौथ्या गाण्यात.

आम्हा पोरांना ते गाणं एवढंच माहीत.
दार उघडं ठेव, टक्.
पण कुणासाठी?
आई म्हणाली, खाणीत उतरले त्यांच्यासाठी.
मामा आवाज खाली आणून म्हणाला,
सीमा ओलांडून गेले त्यांच्यासाठी.
शेजारची नोमालंगा काहीच म्हणाली नाही,
तिचा काराबो जूनपासून घरी नव्हता.
ज्याला जे हरवलं होतं
त्यानं ते त्या भेगेत भरलं.
माझं कडवं कुत्र्याचं होतं. मी सात वर्षांची होते.

काराबो परत आला तो पेटीतून.
कबरीपाशी कुणीतरी तेच गाणं उचललं.
चारशे माणसं, दार उघडं ठेव,
आणि मग, कुणी शिकवलं नव्हतं,
चारशे टाचा एकदम जमिनीवर.
टक्.
पोलिसांच्या गाडीतला कुत्रा उठून उभा राहिला.
गाण्यावर बंदी होती.
टक्-वर बंदी घालायची
तर कागदावर लिहायचं काय?

पुढे राज्य बदललं.
एका रविवारी मी इस्त्री करत होते
आणि रेडिओवर ते गाणं लागलं. अख्खं.
सॅक्सोफोन, खाकरणं, दार उघडं ठेव,
मी टाच उचलली,
आणि बाई थांबलीच नाही, पुढे म्हणाली,
लापशी करपलीय, धूर जाऊ दे,
मीठ मी घातलं की तू, ते सांग.

बस्स.
बाहीवर इस्त्रीचा तपकिरी डाग पडला.
नावडतीचं मीठ अळणी असतं म्हणतात,
यांना ते सुरुंगाच्या दारूसारखं लागलं होतं.
मी हसत सुटले, मग हसणं कुठे गेलं कळेना.
आईला ओढत आणून कान लावायला लावला.
तिनं शेवटपर्यंत ऐकलं,
म्हणाली, ही दुसरीच कुणीतरी बाई आहे.
लापशीचं मागून घातलंय.

आता निवडणुकीत साहेब गाडीतून उतरतात
ते याच गाण्यावर. स्वच्छ, भोंग्यातून.
आमच्या गल्लीला पाणी एक दिवसाआड येतं.
गाणं त्या जागेशी आलं
की म्हाताऱ्यांच्या टाचा आपोआप हलतात,
तरुण मुलं आमच्याकडे बघतात.

मागच्या महिन्यात आईला विचारलं,
ओरखडा मारण्याआधी
तो कधी ऐकायचा का गं?
ती कितीतरी वेळ शेंगा सोलत राहिली.
कशावर ऐकणार, म्हणाली.
त्या खोलीत वाजवायचं यंत्रच नव्हतं.
टेबल होतं, टोच्या होता,
आणि तो दिवा.
दिवा मात्र फार चांगला होता.