सहा दहा

अकरा वर्षं मी एकच शब्द ओरडत आलो
तमाले, तमाले, तमालेऽऽ
झिजून झिजून त्याचा नुसता सूर उरला होता.
साकुगूच्या नाक्यावरची पोरं
माझी नक्कल करत शाळेत जायची.

म्बा फुसेनीची ट्रोट्रो.
मागच्या काचेवर पिवळ्या रंगात 'घाई कशाची',
दाराला दोरी, दोरीला मी.
भरली की निघायची.
एकोणीस माणसं, शेळी हिशोबात नाही.
कधी सातला भरे, कधी दुपारच्या नमाजानंतर.
कधी एका माणसापायी तासभर अडायची
आणि तो एक आला की अठराच्या अठरा जण
शिव्या देत, सरकत,
त्याला पाहुण्यासारखी जागा करून द्यायचे.

मग बस आली.
निळी, सरकारी,
सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेली.
खांबावर पाटी लागली : सुटण्याची वेळ ६.१०.
उद्घाटनाला खासदार साडेनऊला आले,
सहा दहाची पहिली बस सव्वादहाला सुटली.
ढोल होते, मुख्यांवर छत्री धरली होती,
फक्त रिबन कात्रीला दाद देईना.
शेवटी एका म्हातारीनं ती दातांनी तोडली
आणि खऱ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला
बस निघून गेली.
आत दोघं.
अख्खं साकुगू दातवण तोंडात धरून बघत राहिलं.
रिकामी गाडी निघते?
कुणावर रुसली काय?

मेमुनातू शियाच्या लोण्याचं घमेलं घेऊन धावत आली.
हात वर करणार कसा, दोन्ही हात घमेल्याला.
धूळ बसेपर्यंत उभी राहिली,
मग ते उतरवून
पाटीवरचे आकडे, वाचता येत नसताना,
नीट पाहून घेतले.
पुढे कधी भांडायचं असलं
तर माणसाचा चेहरा पाहून ठेवतात, तसे.

मला कंडक्टर केलं. खाकी शर्ट, वही, शिट्टी.
ड्रायव्हर क्वाबेना, दक्षिणेकडचा,
आमच्या भाषेतले दोनच शब्द येतात त्याला,
एक पाणी आणि एक नको.
'ओरडायचं नाही,' म्हणाला,
'वेळ लिहिलेली आहे.'

म्बा फुसेनी कडुलिंबाखाली असतो.
गाडी भरत नाही, म्हणून निघत नाही.
पहिल्या पगाराच्या कोलाच्या बिया नेऊन दिल्या,
त्यानं एक फोडली, अर्धी मला दिली.
'तिथं धरायला दोरी आहे का रे?'
'दांडा आहे.'
'मग ठीक,' म्हणाला.
मग आम्ही बराच वेळ ते कडू चघळत बसलो.

बस चांगली आहे, खोटं कशाला बोलू.
वुम्बेची मुलगी नर्सिंगच्या वर्गाला वेळेवर पोचते.
तिचा आजोबा डोळे दाखवून त्याच दिवशी परतला
आणि कुणाला पटेना म्हणून
दोन्ही तिकिटं दाखवत गावभर फिरला.

आज सकाळी मात्र,
घड्याळात सहा दहा, गिअर पडलेला,
आरशात लांबवर एक घमेलं हलताना दिसलं.
माझा हात आपसूक पत्र्यावर पडला,
दोनदा.
क्वाबेनाला हे कुणी शिकवलं नव्हतं इथं,
पण पाय ब्रेकवर गेला.
पत्र्याची भाषा दक्षिणेतही हीच असावी.

मेमुनातू चढली, धापा टाकत,
आभार वगैरे काही नाही.
'इंजिनापाशी नको ठेवू, वितळेल,' मी म्हणालो.
'मला शिकव,' ती म्हणाली.

सहा बारा झाले होते.
वहीत मी सहा दहा लिहिलं.
क्वाबेनानं तिरक्या नजरेनं ते वाचलं
आणि स्वच्छ असलेली काच
पुन्हा एकदा पुसायला घेतली.