शंभराने भागायचं

संक्रांतीच्या आठवड्यात
लष्करातून नमुने येतात, थंडीसकट.
लाखेचं सील, सुतळी, चिठ्ठी:
गजक, बिनसाखरेची, चारपैकी एक भाग.
सील फोडलं की तिळाचा वास येतो.
चाखायची परवानगी नाही.
एकोणीस वर्षांत या टेबलावरचं काहीच
मी जिभेवर ठेवलेलं नाही.
गोडी मी कागदावर बघते:
मशीन डोंगर काढतं, मी उंची मोजते.

वेष्टनावर एकच नाव होतं, सुक्रालोज.
कागदावर डोंगर दोन.
पहिला बुटका, ओळखीचा.
सॅकरीन.
जनकगंजात शाळेबाहेरच्या गोळ्यात असायचं ते,
गोड, गोड, आणि मग जिभेच्या मुळाशी
कुणी पितळी चमचा विसरून गेल्यासारखं.

बाहेर बाकावर हरप्रसाद शिवहरे.
त्यानं इथे यायचं नसतं, तरी आलाय,
कानांवरून मफलर, हातात बायकोचे रिपोर्ट.
"मॅडम, जहर तो नहीं है ना?
घर में यही खाती हैं. शुगर है उनको.
पहले एक टुकड़ा छुपाके खाती थीं,
अब सामने बैठके खाती हैं."

काय सांगू त्याला.
हे असं मोजतात:
उंदराला रोज देतात, वाढवत, वाढवत,
आणि ज्या मात्रेपर्यंत त्याला काहीच होत नाही
तो आकडा उचलतात.
मग शंभराने भागतात.
दहा, उंदीर आणि माणूस यांच्यातल्या अंतरासाठी.
दहा, माणसामाणसांतल्या.
मला हे दुसरं दहा
नेहमी कमी वाटत आलंय.

तक्त्यातला माणूस साठ किलोचा.
त्याला आग्रह करणारं कुणी नाही,
सणालाही तो रोजच्याइतकंच खातो.
शिवहरेबाई, रिपोर्टवर, एक्केचाळीस.
मी पाकिटाच्या पाठीवर मांडलं:
किलोमागे पाच मिलिग्रॅम, एक्केचाळीस पंचे दोनशे पाच,
तुकड्यात अठरा.
अकरा तुकडे, रोज, जन्मभर.

बाराव्याला जहर? नाही.
अकरापर्यंत अमृत? तेही नाही.
रेघेच्या पलीकडेही बरीच जागा
मोकळी सोडलेली आहे,
भ्यालेल्या, शहाण्या माणसांनी.
पण ही रेघ जिन्यात उभ्या माणसाला
कुठून दाखवायची?

मी म्हणाले, "जहर नहीं है.
मगर जो लिखा है, वो भी नहीं है."
त्यानं मफलर सोडला.
पावडर दाल बाजारातली निघाली, सुटी, निम्म्या भावात.
"वो बोला था विदेशी है. हमने तो
मीठा चखा, और मीठा था."

खरंच होतं. तेवढंच खरं होतं.

अहवालात रकाने असतात:
नाव, मात्रा, मर्यादा, अभिप्राय.
'सुरक्षित' लिहायला जागा नाही.
'सामने बैठके' लिहायला तर नाहीच.
या आठवड्यात अख्खं गाव गोड बोलतं,
मी लिहिलं: वेष्टनावर न सांगितलेली गोडी आढळली.
मग 'गोडी' खोडून 'गोडकारक' केलं.
नोटीस जाईल. दंड होईल. त्याला तेही सांगितलं.

तो दंडाबद्दल काही बोलला नाही.
पाकीट उलटं करून माझा हिशेब बघत राहिला,
बोट आकड्यावर.
"ग्यारह?"
"ग्यारह."
"मैं पाँच दूँगा," तो म्हणाला.
थोडं थांबून, "चार. मेहमान आए तो पाँच."

हे भागायला त्याला
कुणी शिकवलं नव्हतं.

तो गेल्यावर टेबल आवरताना
फुटलेल्या लाखेत एक तीळ चिकटलेला दिसला.
नखानं सोडवला. बोटावर घेतला.
खिडकीबाहेर किल्ला धुक्यात होता, म्हणजे नव्हता.
मग रुमालाला
बोट पुसलं.